कुत्रा कुणाकडे राहील?

१ एप्रिल १९५५ रोजी रामनवमी होती. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गाणं प्रसारित झालं आणि पुढे ५६ गाणी पुरी होईपर्यंत, म्हणजे वर्षभर, महाराष्ट्र दर आठवड्याला रेडिओला कान लावून बसला. गदिमांनी आरंभाला रामजन्म घेतला नाही. त्यांनी भरलेली राजसभा घेतली. दोन जुळी मुलं गाताहेत आणि समोर राजा ऐकतोय. मुलं राजाचीच आहेत, पण राजाला त्याचा पत्ता नाही. गाणं चाललंय ते त्यांच्याच आई-वडिलांबद्दल, आणि त्यांची आई राजवाड्यापासून लांब, वाल्मीकींच्या आश्रमात दिवस काढतेय.

योगायोग असा, की मालिका सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता, तेवढ्यात १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कोर्टात जाऊन रीतसर घटस्फोट घेण्याची वाट जवळजवळ देशभरातल्या हिंदूंना मोकळी झाली. आपल्याकडे ती तशी अगदीच नवी नव्हती. मुंबई प्रांतात १९४७ साली तसा कायदा आला होता, आणि सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात तर १९३१ सालीच. पण दिल्लीत कायदा होत होता त्याच आठवड्यांत घराघरातला रेडिओ आई-बाप दुरावलेल्या दोन मुलांची कथा सांगत होता, हे आज वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात.

लव-कुशांनी जे केलं ते पुढे जगभरच्या बालकथांमधल्या पोरांनी केलं. आई-बाप समोरासमोर यावेत अशी परिस्थिती त्यांनी उभी केली. पुढचं काही त्यांच्या हाती राहिलं नाही. उत्तरकांडात सीता येते, पण परत नांदायला येत नाही. ती धरणीच्या पोटात जाते. मुलं वडिलांकडे राहतात. इतका कडक शेवट आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकवत आलो, आणि तरीही आई-बाप वेगळे झाल्याची गोष्ट मुलांना सांगावी का, हा प्रश्न निघाला की आपण अजून घुटमळतो.

जर्मनीत हाच प्रश्न सहा वर्षं आधी निघाला होता, आणि तिथेही जुळ्याच होत्या. एरिक केस्टनर हा लेखक. १९३३ साली बर्लिनच्या चौकात नाझींनी पुस्तकांची होळी केली, तीत याचीही पुस्तकं होती. पुढे त्याच्या लिहिण्यावर बंदी आली. त्याचं ‘दास डॉपेल्टे लॉट्शन’ १९४९ साली छापून आलं. लुइझे आणि लॉटे या दोन मुली सुट्टीच्या शिबिरात भेटतात. तोंडावळा एकच, जन्मतारीख एक, जन्मगावही एक. एक व्हिएन्नात वडिलांजवळ वाढलेली, दुसरी म्युनिकमध्ये आईजवळ. आपल्याला बहीण आहे हे दोघींनाही कुणी सांगितलेलं नाही. मग केसांची ठेवण बदलून त्या अदलाबदल करतात. ही तिच्या घरी, ती हिच्या.

केस्टनरची खरी करामत घरात शिरल्यावर दिसते. व्हिएन्नातली लुइझे वडिलांबरोबर हॉटेलात जेवणारी. तिथली सारण भरलेली धिरडी तिच्या इतकी आवडीची, की तिचं सोंग घेऊन आलेल्या लॉटेला ती न आवडूनही हसतमुखानं गिळावी लागतात. उलट म्युनिकची लॉटे नोकरी करणाऱ्या आईचं अर्धं घर सांभाळणारी. बाजारहाट, स्वयंपाक, सगळं तिच्या हातचं. तिच्या जागी गेलेल्या लुइझेला चूलही धड जमत नाही आणि आईला कळेना, आपल्या गुणी पोरीला झालंय काय. वेगळ्या झालेल्या दोन घरांत एकाच रक्ताची मुलं किती वेगळी घडतात, हे या खाण्यापिण्याच्या फजितीतून आठ वर्षांच्या वाचकालाही समजतं. बिंग फुटतं तेही असंच साध्या रीतीनं. आई मासिकाच्या कचेरीत छायाचित्रं निवडण्याचं काम करते, आणि शिबिराच्या गावातल्या छायाचित्रकारानं पाठवलेल्या चित्रांत तिच्या टेबलावर एकसारख्या दिसणाऱ्या दोन मुली येऊन पडतात.

पुस्तकाच्या मध्येच केस्टनर कथा थांबवतो आणि ‘मुलांना असलं काही सांगू नये’ म्हणणाऱ्या मोठ्यांशी बोलतो. तो शर्ली टेंपलचं उदाहरण देतो. ही चिमुरडी हॉलिवूडची नटी जगभर गाजत होती, पण स्वतःचाच चित्रपट बघायला गेली तर वय लहान म्हणून तिला दारात अडवलं गेलं. चित्रपटात काम करण्याइतकी ती मोठी होती, बघण्याइतकी नव्हती. घटस्फोट सोसणाऱ्या मुलांनी घटस्फोटाची गोष्ट वाचू नये, हे म्हणणंही त्यातलंच, असा त्याचा रोख. आणि त्याला जोडून आणखी एक टोला: आई-बाप वेगळे झाल्यामुळे पुष्कळ मुलं सोसतात, तशीच आई-बाप वेगळे होत नाहीत म्हणून सोसणारीही पुष्कळ असतात. हे १९४९ साली, मुलांच्या पुस्तकात!

एवढं धाडस करूनही शेवट त्यानं गोड केला. मुली आई-बाबांना पुन्हा एकत्र आणतात. तेव्हापासून मुलांनी मध्यस्थी करून मोडलेलं जुळवायचं, हा एक साचाच पडला. डिस्नेनं १९६१ साली त्यावर ‘द पेरेंट ट्रॅप’ काढला. १९६५ साली तमिळमध्ये आणि १९६८ साली हिंदीत ‘दो कलियाँ’ या नावानं तीच जुळी आपल्याकडे आली. हिंदीत दोन्ही भूमिका छोट्या नीतू सिंगनं केल्या. साचा तोच, पण घर मोडण्याचं कारण बदललं. व्हिएन्नाच्या संगीतकाराला लेकरांच्या रडण्यात संगीत सुचेना, म्हणून त्यानं निराळी खोली घेतली आणि तिथून बिनसत गेलं. ‘दो कलियाँ’मध्ये मुलीच्या श्रीमंत, गर्विष्ठ आईनं जावयाला घरजावई करायचा घाट घातला, म्हणून बिनसलं. गोष्ट परदेशातून आणता येते. भांडण मात्र इथलंच लागतं.

शेवटाचीही तीच गत. इंग्लंडच्या अ‍ॅन फाइन यांनी १९८७ साली ‘मादाम डाउटफायर’ ही मुलांसाठी कादंबरी लिहिली. बायकोपासून वेगळा झालेला नट पोरांना भेटता यावं म्हणून बाईचा वेष करतो आणि त्यांना सांभाळायच्या कामावर रुजू होतो. त्यावर निघालेल्या १९९३ च्या हॉलिवूडपटात शेवटीही आई-बाप वेगळेच राहतात. बापाला मुलांच्या भेटी मिळतात, संसार परत मिळत नाही. कमल हासन यांनी तीच कथा १९९६ साली तमिळमध्ये आणि १९९७ साली हिंदीत ‘चाची ४२०’ म्हणून केली. हिंदीतली चाची तर चक्क आपली नऊवारीतली लक्ष्मी गोडबोले. पण या दोन्ही चित्रपटांत शेवटी संसार पुन्हा जुळतो. प्रेक्षक त्याशिवाय उठायचा नाही, असा हिशेब असावा.

मुलांच्या पुस्तकांनी हा हिशेब त्याआधीच मोडला होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा केला आणि तो १ जानेवारी १९७० पासून लागू झाला. एकामागून एक राज्यं त्या वाटेनं गेली. वर्गात प्रत्येक बाकाआड एखादं तरी दोन घरांचं मूल दिसू लागलं. १९७२ साली ज्युडी ब्लूम यांचं ‘इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड’ आलं. त्यातली बारा वर्षांची कॅरन एका वहीत रोजच्या दिवसाला शाळेसारखी श्रेणी देते. बाबांना घरी आणण्यासाठी ती सगळे डाव खेळून पाहते. शाळेसाठी व्हायकिंग लोकांचा देखावा करते, तो बघायला तरी बाबा घरात पाऊल टाकतील म्हणून. केस्टनरच्या जगात हा डाव लागू पडला असता. इथे आई-बाबा एका खोलीत आले की भांडतात. ज्या गोष्टीवर मुलीनं आशा लावलेली असते, तीच तिला उत्तर देऊन जाते. वाचणाऱ्या मुलाला कुणीही उपदेश केलेला नसतो, तरी त्याला उमगतं, की हे जुळवणं आपल्या हातातलं काम नाही.

हे उमगणं सोपं नसतं. ज्युडिथ वॉलरस्टीन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ सालापासून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आई-बाबा पुन्हा एकत्र येतील ही आशा मुलं वर्षानुवर्षं उराशी धरून असतात, अगदी दोघांची दुसरी लग्नं झाली तरी, असं त्यांना दिसलं. आणि लहानगी मुलं हमखास स्वतःला दोष देतात: मी दूध सांडलं, मी हट्ट केला, म्हणून बाबा गेले. त्या वयात जगातली प्रत्येक घडामोड आपल्याभोवतीच फिरते असं वाटतं, त्याची ही दुसरी बाजू. वॉलरस्टीन यांचा नमुना लहान आणि सुखवस्तू होता अशी टीका झाली. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी कितीतरी जास्त कुटुंबं अभ्यासली, तेव्हा बहुसंख्य मुलं पुढे ठीकठाक मार्गी लागतात असं निघालं. पण सुरुवातीच्या एक-दोन वर्षांचा गोंधळ कुणीच नाकारला नाही.

तो गोंधळ किती कोवळा असतो, याचा दाखला एका न दाखवलेल्या भागात आहे. ‘सेसमी स्ट्रीट’ हा चिमुकल्यांचा अमेरिकी कार्यक्रम. त्यांनी १९९२ साली घटस्फोटावर एक भाग तयार केला. स्नफी या केसाळ, हत्तीसारख्या प्राण्याचे बाबा घर सोडून जातात. बाबांचं तुझ्यावर प्रेम आहेच, हे मोठी माणसं स्नफीला नीट समजावतात. प्रसारणाआधी तो भाग काही बालवाडीतल्या मुलांना दाखवला, तर ती घाबरीघुबरी झाली. स्नफीला बाबा आता कधीच भेटणार नाहीत, असं त्यांनी धरून घेतलं. काहींना वाटलं, घरात भांडण झालं की घटस्फोट होतो. म्हणजे आपल्याही घरी होणार. तयार झालेला भाग कायमचा कपाटात गेला. वीस वर्षांनी, २०१२ साली, त्यांनी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा युक्ती बदलली. अ‍ॅबी नावाची परी चित्र काढतेय आणि चित्रात दोन घरं आहेत, एक आईचं, एक बाबांचं. घटस्फोट मागेच होऊन गेलाय. बाबा जाताना दिसत नाहीत. दोन घरं दिसतात, आणि दोन्हींत अ‍ॅबीचं काही ना काही आहे. दाराशी उभं राहून पाहिलेलं जाणं आणि सरावलेली दोन घरं, या दोहोंत तीन वर्षांच्या मुलासाठी केवढं अंतर आहे!

माझ्या मते या पुस्तकांनी लावलेला मोठा शोध इथेच आहे. मोठी माणसं विचारतात: चूक कुणाची? मुलं विचारतात: कुत्रा कुणाकडे राहील?

बेव्हर्ली क्लिअरी यांना दोन मुलांनी, एकमेकांना न ओळखणाऱ्या, सुचवलं होतं की आई-वडील वेगळे झालेल्या मुलावर लिहा. त्यातून १९८३ साली ‘डिअर मिस्टर हेन्शॉ’ आलं आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतल्या बालसाहित्याचं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं. ली हा मुलगा आईबरोबर नव्या गावात, पेट्रोलपंपाला खेटून असलेल्या चिमुकल्या घरात राहायला आलाय. वडील ट्रकचालक, आणि बँडिट नावाचा कुत्रा त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये. घटस्फोटाचं दुःख ली एकदाही मोठ्या शब्दांत सांगत नाही. त्याची अडचण वेगळीच असते. त्याच्या डब्यातले चांगले पदार्थ शाळेत रोज कुणीतरी पळवतं. तो बॅटरी आणि घंटी जोडून डबा उघडताच वाजणारी कळ बनवतो. ती वाजते तेव्हा सगळी शाळा बघत राहते, आणि नव्या शाळेत कुणाच्याच खिजगणतीत नसलेल्या पोराला पहिल्यांदा मित्र मिळतात. शेवटी वडील दारात येतात. पुन्हा सुरुवात करू म्हणतात. आई नाही म्हणते. ली कुत्रा वडिलांकडेच ठेवायला सांगतो, कारण लांबच्या रस्त्यावर त्यांना सोबत हवी. बाराएक वर्षांचं पोर बापाच्या एकटेपणाचा विचार करतंय. हे वाचून आईच्या ‘नाही’ला कुणी नावं ठेवत नाही आणि बापावर दातही खात नाही.

इतर लेखकांनीही हे बारीकसारीक प्रश्नच हेरले. पॉला डॅन्झिगर यांच्या ‘द डिव्होर्स एक्स्प्रेस’मध्ये (१९८२) एक बस आहे. एका घरून दुसऱ्या घरी जाणाऱ्या पोरांनी ती भरलेली असते. जॅकलिन विल्सन यांच्या ‘द सूटकेस किड’मध्ये (१९९२) दहा वर्षांची अँडी एक आठवडा आईच्या नव्या घरी, एक आठवडा बाबांच्या. प्रकरणं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं लावलेली, कारण विस्कटलेल्या जगात मुलीला निदान काहीतरी ओळीत लागतं. तिच्या खिशात एक इवलासा खेळण्यातला ससा असतो. दोन्ही घरांत तिच्यासोबत असणारं तेवढंच. जपानमध्ये हिको तानाका यांच्या बालकादंबरीवर शिंजी सोमाई यांनी १९९३ साली ‘ओहिक्कोशी’ काढला. नावाचा अर्थ बिऱ्हाड हलवणं. बाबा बिऱ्हाड हलवतात आणि मुलीच्या हातात आई घरकामाचे नवे नियम लिहिलेला कागद देते.

आता आपल्याकडे वळू. भारतीय भाषांत या विषयावरची सगळ्यात गाजलेली कादंबरी मन्नू भंडारींची ‘आपका बंटी’. ती १९७१ साली पुस्तकरूपानं आली. त्याआधी मुंबईहून निघणाऱ्या ‘धर्मयुग’मधून क्रमशः छापली जात होती, तेव्हाच तिनं घराघरांत खळबळ उडवली होती. आई कॉलेजची प्राचार्य, वडील दुसऱ्या शहरात. दोघंही पुन्हा लग्न करतात आणि बंटीला दोन्ही घरं परकी होतात. सगळं बंटीच्या डोळ्यांनी दिसतं, पण ही कादंबरी बंटीसाठी नाही. ती त्याच्या आई-बाबांसाठी आहे. मोठ्यांना हलवून जागं करायला ती लिहिलीय. बंटीच्या वयाच्या मुलानं ती वाचली तर स्नफीचा भाग पाहणाऱ्या मुलांसारखीच त्याला धडकी भरेल.

मराठीत मुलांसाठी अशी गोष्ट शोधायला जा, लवकर हाताला लागत नाही. याचं कारण आपल्याकडे संसार मोडत नव्हते, हे मात्र नाही. काडीमोड आणि पाट या रीती कितीतरी जातींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, आणि १९५५ च्या कायद्यानंही रूढीनं होणारा काडीमोड पुसला नाही, कलम २९ मध्ये त्याला जागा ठेवली. मोडणं होतं, ते मुलांच्या पुस्तकात आलं नाही, कारण आपलं बालसाहित्य बराच काळ ज्या घरांतून लिहिलं गेलं, तिथे ते बोलायचंच नव्हतं.

त्याऐवजी मराठीनं दुसरी एक जागा अफाट प्रेमानं रंगवली, ती म्हणजे आजोळ. मामा, आजी, आगगाडी, सुट्टी. आजोळ गोड वाटतं याचं एक कारण, तिथून परत यायचं असतं. भोंडल्याच्या गाण्यांत सासुरवाशीण माहेरी जायला सासू-सासऱ्यांची परवानगी मागत फिरते, आणि ती मागते ती चार दिवसांची. आजोळी कायमचं राहायला गेलं तर काय होतं, हे मराठी मुलांच्या सगळ्यात लाडक्या पुस्तकानं सांगून ठेवलंय, आपण ते तसं वाचत नाही एवढंच. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्यातलं पर्णकुटीचं प्रकरण काढून बघा. श्यामचे वडील एकत्र घरातून बाहेर पडतात. बिऱ्हाड आईच्या माहेरी, त्याच गावात, येतं. आसरा मिळतो, पण जावयाचा मान तिथे उणा पडतो. आई ठरवते, दागिने विकीन पण स्वतःची झोपडी बांधीन. आणि बांधून घेते. इथे घटस्फोट नाही, नवरा-बायको एकजीव आहेत, तरी आजोळाचं दार सुट्टीला कसं उघडतं आणि कायमचं आल्यावर कसं, यातला फरक पोरानं टिपलेला आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपनही आई-बाबांपासून लांब आजी-आजोबांकडे वाढतो. ‘वनवास’ (१९९४) उघडलं की लाड आणि आठवण एकाच वेळी पोरात कशी नांदतात, ते पानापानावर दिसतं. म्हणजे साहित्याचा कच्चा माल आपल्याकडे भरपूर पडून आहे. एक धागा जोडायचा राहिलाय.

तो कुठे जोडता येईल याचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे बिरवाडी येते. महाडजवळ, काळ नदीच्या काठचं गाव, शेजारी एमआयडीसीचे कारखाने. महाड-पोलादपूरच्या मुलाला दोन घरं कुणी शिकवावी लागत नाहीत. मुंबईची खोली आणि गावचं घर. पिढ्यान्‌पिढ्या बाप गिरणीत, गोदीत, दुकानात. आई आणि पोरं गावाला, नाहीतर सगळे मुंबईत आणि आजी गावाला. बाप म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला एसटीतून उतरणारा माणूस, हे इथल्या कितीतरी पोरांनी नैसर्गिक मानलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मिटलाच नाही, तेव्हा गिरणगावातली कितीतरी बिऱ्हाडं बोचकी बांधून कोकणातल्या घरांकडे परतली. गावी परत येणं हा इथे आख्ख्या पिढीचा अनुभव आहे. न्यूयॉर्कच्या मुलांना ‘बाबा दुसऱ्या गावी राहतात’ हे वाक्य समजवायला कादंबऱ्या लागल्या. इथे ते वाक्य कुणाच्याही तोंडी सहज आहे.

आणि म्हणूनच इथे लपवणंही सोपं आहे. आई पोराला घेऊन बिरवाडीला माहेरी आली, की शेजारी विचारतात, ‘पाहुणे कधी येणार?’ आजी म्हणते, ‘मुंबईला कामात अडकलेत.’ हे उत्तर वर्षभर चालतं. दुसऱ्या वर्षीही चालतं. पोराला मात्र शाळेच्या पहिल्याच दिवशी कळतं, की आपण या वेळी सुट्टीला आलेलो नाही.

तो पहिला दिवस जवळून बघण्यासारखा असतो. मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रवेशाचा अर्ज. आईजवळ मुंबईच्या शाळेचा दाखला नाही, कारण निघताना तो काढायला सवड कुठली होती! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं पाचवं कलम इथे कामी येतं: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पोर वर्गात बसतं. बाई हजेरीसाठी पूर्ण नाव विचारतात. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मधलं नाव उच्चारताना तोंडात जी क्षणभर अडखळ होते, ती लिहायला ज्युडी ब्लूमनं आनंदानं दोन पानं दिली असती. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापाठोपाठ आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहिणं सक्तीचं केलंय. ती मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत बसतील. तेव्हा सगळ्या वर्गाचीच हजेरी लांबलचक होईल, आणि एकाच मुलाचं अडखळणं उठून दिसणार नाही.

इथल्या पोराचे बारके प्रश्न अमेरिकेतल्या लीपेक्षा वेगळे आहेत, आणि लेखकाला मोह पडावा असे आहेत. रेशनकार्डावर माझं नाव कुठल्या घरी? मामाची मुलं आधी सुट्टीत माझ्याशी खेळायची, आता ती माझ्यावर घराची मालकी का दाखवतात? मामी ताटात वाढताना हात आखडते, की मला उगाच तसं वाटतं? आई आजीसमोर पुन्हा लेक झाली, तर मग माझी आई कुठे गेली? प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मामानं सही केली तर चालते का? लंपनच्या भाषेत बोलता येईल, श्यामच्या डोळ्यांनी पाहता येईल असे हे प्रश्न. त्यांना उत्तरं देताना कुणालाही खलनायक ठरवायची गरज पडत नाही.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न गणपतीचा. कोकणात गणपती बसतो तो घराण्याच्या घरात, म्हणजे बापाच्या भावकीत. चाकरमानी कुठेही असो, आरतीला तिथे उभा राहतो. शिमग्याला पालखी येते तीही घराच्या दारात, आणि नारळ धरायला घरचं पोर लागतं. आई-बाबा वेगळे झाले, पोर बिरवाडीला आजोळी आलं, आणि वडिलांचं मूळ घर पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीत आहे असं धरा. मग चतुर्थीला ते कुणाच्या आरतीत उभं राहणार? आजोळच्या गणपतीपुढे ते पाहुणं. वडिलांच्या गणपतीपुढे ते घरचं, पण तिथे आई नाही. कोर्ट भेटीचे वार ठरवून देतं, पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ राहावं असं १९५६ चा पालकत्वाचा कायदा सांगतो. झांजा कुणी वाजवायच्या, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

केस्टनरनं ही कथा लिहिली असती तर चतुर्थीच्या दिवशी आई-बाबा एकाच मखरापुढे येऊन हात जोडते. हिंदी पडद्यानं तर वर गाणंही घातलं असतं. क्लिअरीबाईंनी पोराला विचारलं असतं, की तुला काय करावंसं वाटतं. मला वाटतं ते पोर हिशेब मांडेल: दीड दिवस इथे, गौरी-विसर्जनाला तिथे, येताना पोलादपूरचे मोदक आजीला, जाताना आजीच्या हातच्या करंज्या दुसऱ्या आजीला. एसटीचं वेळापत्रक त्याला पाठ असेल, कंडक्टर नावानं ओळखत असेल, आणि दोन्ही आज्यांचं एकमेकींशी बोलणं बंद असलं तरी डबे चालू असतील.

अशी गोष्ट मराठीत लिहायला काही नवीन जुळवाजुळव लागणार नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, दिवाळी अंक आहेत, गावोगावच्या शाळांत वाचनपेट्या आहेत. महाडच्या अलीकडे, माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिथे मुलांची शिबिरं भरतात. त्या वयाच्या पोरांना एका दुपारी बसवून एवढंच विचारावं: दोन घरं असलेल्या मुलाला कोणकोणत्या अडचणी येतील? मोठ्यांच्या तोंडून निघतील त्याच्या दुप्पट तरी निघतील, आणि त्यांतल्या निम्म्यांची उत्तरंही पोरंच देतील. कुत्र्याबद्दल तर नक्कीच एकमत होईल. तो आजोळीच राहणार, कारण मुंबईच्या खोलीत त्याला पळायला जागा कुठे आहे?